फिरून आलेलं कुत्रं आणि उंबरठ्यावरची चार मिनिटं

बुंदी आमच्याकडे आली ती ऐन जुलैत. देशी, दीड वर्षाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून बुंदी. आईने एकच अट घातली होती, "कुत्रं आण, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या फरशीवर पंजे उमटले तर मी पुसणार नाही." आमची फरशी जुन्या पद्धतीची, फिकट मोझॅकची. तिच्यावर चिखलाचा एक ठिपका पडला तरी हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आईला तो चष्म्याशिवाय दिसतो.

पहिला महिनाभर मी दिवसातून तीन-तीनदा फरशी पुसत होते. घरभर ओल्या फडक्याचा वास, माझी कंबर धरलेली आणि फरशी होती तशीच. मग उशिरा का होईना, डोक्यात प्रकाश पडला. मी घर पुसत बसले होते, पुसायला हवं होतं ते कुत्रं. तेही दारात, आत पाऊल टाकायच्या आधी.

हे सगळं मिळून चार मिनिटांचं काम आहे. पहिले पंधरा दिवस वीस मिनिटं लागतील, कारण कुत्र्याला सवय नसते आणि तुम्हालाही. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कुत्रं आलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिलं काम: जागा ठरवा

कुत्रं घरात शिरल्यावर त्याच्यामागे टॉवेल घेऊन धावणं हा व्यायाम म्हणून चांगला आहे, बाकी काही उपयोग नाही. त्यामुळे आधी अशी एक जागा ठरवा जिथे ते येऊन थांबेल आणि कोरडं झाल्याशिवाय तिथून हलणार नाही. दाराला लागून मोरी किंवा बाथरूम असेल तर उत्तम. नसेल तर दाराच्या आतली तीन-चार फूट जागा पुरते. भिंतीत कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीवर एक मजबूत हूक ठोकून घ्या आणि पट्टा त्याला अडकवा. दोन्ही हात मोकळे राहणं ही या कामातली सगळ्यात मोठी सोय आहे, आणि ती मला चौथ्या महिन्यात सुचली.

पायपुसणी दोन हवीत. दाराबाहेर काथ्याचं, खरखरीत. त्यावर माती झडते. दाराच्या आत सुती किंवा पाणी शोषणारं, आणि ते लांब हवं. बाजारात मिळणारं नेहमीचं पायपुसणं माणसाच्या दोन पावलांपुरतं असतं. कुत्र्याला चार पाय असतात आणि ते त्यावरून उडी मारून जातं. आम्ही जुनी सतरंजी दुमडून टाकली आहे. त्यावर बुंदीची निदान पाच-सहा पावलं पडतात आणि अर्धं पाणी तिथेच जिरतं.

सोसायटीत राहत असाल तर बाहेरचा पॅसेज आणि लिफ्टही याच कामात धरा. पाळीव प्राण्यांना लिफ्ट वापरू द्यावी, त्यांच्यावर सरसकट बंदी घालू नये, अशा भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पण त्यांचा कागद दाखवून शेजारी खूश होत नाहीत. लिफ्टमधले चिखलाचे चार ठसे खिशातल्या फडक्याने पुसून टाकले की होतात.

दाराशी काय ठेवायचं

फार काही लागत नाही. एक टब किंवा पसरट घमेलं, एक मग, चार-पाच फडकी, बारीक दातांची फणी, टोकदार चिमटा आणि खाऊचा डबा.

फडक्यांबद्दल थोडं बोलायला हवं. नवे टॉवेल आणू नका. जुनी सुती साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, हातरुमालाच्या दुप्पट आकारात फाडून घ्या. तिच्यासारखं पाणी कुठलंच महागडं फडकं टिपत नाही, आणि ते पातळ असल्यामुळे बोटांच्या बेचक्यात जातं. आईच्या दोन इरकली अशाच कामी आल्या. (तिला विचारून. पहिली न विचारता फाडली होती, तो विषय आमच्याकडे अजून निघतो.) अंग पुसायला मात्र जाड टर्किश टॉवेल हवा. जुने टॉवेल बोहारणीच्या गाठोड्यात टाकण्याआधी त्यातले दोन बाजूला काढून ठेवा.

अर्धं काम बाहेरच होतं

घरात येणारी घाण कमी करायची तर ती बाहेरच कमी करा. सोसायटीच्या फाटकापासून दारापर्यंतचे शेवटचे शंभर पावलं कोरड्या, पक्क्या रस्त्यावरून चाला. मातीच्या कडेने, गवतातून फिरायचं ते सुरुवातीला. पंज्याला लागलेला चिखल त्या शंभर पावलांत बराच झडतो.

शी उचलायला जुनं वर्तमानपत्र पुरतं. पान चौपदरी करा, कुत्रं बसलं की मागून अलगद खाली सरकवा. रस्त्याला काही लागतच नाही. सवय झाली की हे सहज जमतं. पुण्या-मुंबईत न उचलल्यास महापालिका दंड करते, पण त्याहून मोठं कारण असं की उद्या सकाळी त्याच रस्त्यावरून तुम्हीच जाणार असता, आणि ते चपलेला लागून तुमच्याच घरी येतं.

चपला दाराबाहेर काढायची आपल्याकडे पद्धत आहेच. घरी पिल्लू असेल तर ती आणखी कडक पाळा. पार्व्हो नावाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलेच्या तळाला लागूनही येऊ शकतो. लस पूर्ण न झालेल्या पिल्लांचा तो जीव घेतो. डॉक्टर "आता उतरवा" म्हणेपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवूच नका, कडेवर घेऊन हिंडवा. बाहेरचं जग तिथूनही दिसतं.

पंजे

आता मुख्य काम. मी करते तसं सांगते.

दारात आल्यावर आधी तिला बसवते, पट्टा हुकात. एक खाऊ. टबात दोन बोटं उंचीचं साधं पाणी. थंडीत कोमट, एरवी नळाचं. साबण नाही.

मागच्या पायांपासून सुरुवात करते, कारण बहुतेक कुत्री मागचे पाय मुकाट देतात आणि पुढच्यांची कुरकुर करतात. पाय उचलताना तो बाजूला ओढायचा नाही. घोड्याला नाल ठोकणारा माणूस पाहिला असेल तर आठवा. तो खूर मागच्या बाजूला दुमडतो, सांधा जसा वळतो तसा. कुत्र्याचा पाय बाजूला ओढला की त्याला दुखतं, आणि दुसऱ्या दिवशी टब दिसला की ते सोफ्याखाली जातं. आमच्याकडे तसंच झालं होतं.

पंजा पाण्यात बुडवायचा, अंगठ्याने पंज्याखालच्या मऊ गाद्यांच्या मधोमध हलकेच चोळायचं. माती असते ती गाद्यांवर नाही, त्यांच्या खाचांत. चार बोटांच्या मधल्या तीन फटी आणि मोठ्या गादीच्या वरची खळी. सगळा चिखल तिथे दडलेला असतो. पंजा वर काढून फडक्याने दाबायचा. घासायचा नाही, दाबायचा, हातातला रुमाल पिळतो तसं फडक्यासकट मुठीत धरून. मग फडक्याचं एक टोक बोटावर गुंडाळून प्रत्येक फटीतून एकदा फिरवायचं. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर एक अंगठ्यासारखं नख असतं, त्याच्या मागेही चिखल अडकतो. तिथे कुणीच बघत नाही.

एक खाऊ. पुढचा पाय.

या सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर ते कोरडं करणं. धुण्याचं महत्त्व त्याच्याहून कमी. उन्हाळ्यात किंवा कोरड्या थंडीत पंजे धुवायची गरजच नसते, ओलसर फडक्याने पुसून कोरड्याने टिपले की झालं. पण धुऊन ओले सोडलेले पंजे न धुतलेल्या पंज्यांपेक्षा वाईट. ओल्या पंज्याला घरातली धूळ चिकटते, फरशीवर करडे ठसे उमटतात, आणि बोटांच्या बेचक्यात दिवसभर ओल राहिली की तिथे बुरशी धरते. आंबट वास, लालसर कातडी, सतत चाटणं ही तिची लक्षणं. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे चाटून चाटून गंजल्यासारखे तांबूस दिसायला लागतात. तो रंग लाळेचा असतो.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीला मला वाटायचं, रस्त्यावरून आलंय म्हणजे जंतू मारायलाच हवेत. म्हणून मी टबात रोज झाकणभर जंतुनाशक ओतायचे. तीन आठवड्यांत बुंदीच्या बोटांमधली कातडी लालभडक झाली, रात्रभर चाटण्याचा चपचप आवाज. डॉक्टरांनी विचारलं, "पायाला काय लावता?" मी अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "ते बंद करा. दुसरं औषध बहुतेक लागणारच नाही." लागलं नाही.

तेव्हा जंतुनाशक नको, माणसाचा साबण किंवा शाम्पू नको, कारण कुत्र्याच्या कातडीला तो मानवत नाही. टी-ट्री तेल तर अजिबात नको, ते त्यांच्यासाठी विषारी असतं. खरंच काही घाणेरडं लागलं असेल, गटाराचं पाणी वगैरे, तर कुत्र्याचा शाम्पू चमचाभर घ्या आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा.

लांब केसांच्या जातींचं, म्हणजे शिह त्झू, ल्हासा, गोल्डन वगैरेंचं, गणित थोडं वेगळं आहे. त्यांच्या गाद्यांच्या मधून केसांचे झुपके वाढतात आणि ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतात. गादीच्या पातळीला येतील इतके ते केस कापून घेत राहा. पहिल्यांदा एखाद्या जाणकाराकडून कापून घेतलेले बरे. घरी कात्री चालवताना गादी कापली जाण्याची भीती असते.

पाय देत नसेल तर

बळजबरी करू नका, हरालच. आठवडाभर पाणी बाजूला ठेवा. पहिले दोन दिवस नुसता खांदा-पाय कुरवाळायचा आणि खाऊ द्यायचा. मग पंजा क्षणभर हातात धरायचा, खाऊ. मग पंजा धरून कोरडं फडकं टेकवायचं, खाऊ. पाणी शेवटी. बुंदीला उकडलेल्या चिकनचे शेंगदाण्याएवढे तुकडे चालतात. शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं गाजर द्या. मनुका-बेदाणे मात्र देऊ नका, ते कुत्र्यांना बाधतात. आणि जेवणाच्या वेळेआधी फिरायला गेलात तर आल्यावर कुत्रं भुकेलं असतं, मग ते कशालाही तयार होतं.

अंग झटकणं

पावसातून आलेलं कुत्रं एकदा तरी अंग झटकणार. आमच्या पॅसेजच्या भिंतीवर दोन फूट उंचीपर्यंत जी नक्षी दिसायची ती याचीच. यावर एक युक्ती आहे. कुत्र्याचं झटकणं डोक्यापासून सुरू होतं आणि शेपटीकडे जातं. डोकं हललं नाही तर बाकीचं अंगही हलत नाही. त्यामुळे दारातून आत येताना एक हात हलकेच तिच्या नाकाडावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने टॉवेल पाठीवर टाका. टॉवेल पडला की हात काढा, खुशाल झटकू दे, टॉवेलच्या आत.

त्याहून सोपं म्हणजे इमारतीच्या आत शिरण्याआधीच झटकायला लावणं. बुंदीचा कान हलकेच चोळला की ती झटकते. मी पार्किंगमध्येच चोळते. वॉचमन काका आता आम्हाला बघून दोन पावलं मागे सरकतात.

पोटाखाली हात घालायला विसरू नका. बुटक्या कुत्र्यांचं पोट म्हणजे दुसरं पायपुसणंच.

गोचीड

हा भाग अंगाशी येणारा आहे, त्यामुळे घाई करू नका.

एक गोचीड घरात आली तर ती एकटी राहत नाही. आपल्याकडे कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड सर्रास सापडते, ती सगळं आयुष्य घराच्या आत काढू शकते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा फरशीच्या सांध्यात शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. मग कितीही झाडा-पुसा. म्हणून दारातच तपासायचं.

कानाच्या आत आणि कडेला, पट्ट्याखाली मानेवर, काखेत, बोटांच्या मध्ये, शेपटीच्या बुडाशी. डोळ्यांनी शोधू नका, बोटांनी शोधा. केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवली की मसुरीच्या दाण्यासारखं काहीतरी लागतं. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरायचं आणि सरळ, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही, तेल ओतायचं नाही, उदबत्तीचा चटका द्यायचा नाही. काढलेली गोचीड नखावर चिरडणं ही जुनी सवय आहे, ती सोडा. तिच्या रक्तातून आजार पसरू शकतात. झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट किंवा सॅनिटायझर ठेवा आणि त्यात टाका.

गोचिडीवरचं औषध (मानेवर सोडायचे थेंब किंवा चघळायची गोळी) डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या. घरात मांजर असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. आणि कुत्रं एकाएकी मलूल झालं, खाईना, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर "बघू उद्या" म्हणू नका. गोचीड-ताप वेळेत कळला तर औषधाने बरा होतो.

पावसाळ्यात साचलेलं पाणी

मुंबईकरांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे येणारा ताप) म्हणजे काय हे सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहराने तो पुरेपूर पाहिला. उंदरांच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्यांना होतो, आणि कुत्र्यांच्या लघवीतून माणसांपर्यंत पोहोचू शकतो. कुत्र्याला डबक्यात उतरू देऊ नका, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. दरवर्षीच्या लसीत लेप्टो आहे ना, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण सगळ्या लसींत तो नसतो. गुडघाभर पाण्यातून यावंच लागलं तर त्या दिवशी पाय आणि पोट कुत्र्याच्या शाम्पूने धुवा, आणि तुमच्या हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर हातमोजे घाला.

टेकडीवरून आल्यावर

पुण्यात टेकड्यांचं वेड असणाऱ्यांसाठी हे. पाऊस सरला की ऑक्टोबरपासून गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. माणसाच्या मोज्यांत घुसतात तशी ती कुत्र्याच्या बोटांत घुसतात, आणि त्यांना उलट्या बाजूला काटे असल्यामुळे फक्त पुढेच सरकतात. बेचक्यातून कातडीत शिरलेलं कुसळ आत जाऊन पू धरतं. कानात गेलं तर कुत्रं डोकं एका बाजूला झुकवून सारखं हलवतं. तेव्हा आपण खुडबुड करायची नाही, डॉक्टरकडे न्यायचं. सराट्यांचे काटे त्यामानाने बरे, ते दिसतात आणि चिमट्याने निघतात. टेकडीवरून आल्यावर टबाआधी फणी. कोरड्या केसांतून कुसळं निघतात, ओल्या केसांत ती चिकटून बसतात.

दुसरा त्रास उन्हाळ्यातल्या नव्या डांबराचा. बुंदी एकदा ताज्या डांबरी रस्त्यावरून चालून आली आणि हॉलमध्ये चार काळी कमळं उमटवून गेली. पंज्याचं डांबर रॉकेलने काढू नका, कातडी भाजते आणि ती ते चाटते. खोबरेल किंवा गोडेतेल चोळा, पाच मिनिटं थांबा, ते सैल होतं. फडक्याने पुसा, पुन्हा तेल, पुन्हा पुसा, शेवटी तिच्या शाम्पूने धुवा. फरशीवरच्या कमळांनाही हाच उपाय चालला. आणि मुळात एप्रिल-मेमध्ये दुपारी नेऊच नका. हाताची मागची बाजू रस्त्याला सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यांच्या गाद्यांनाही सोसणार नाही.

आता फरशी

दारात एवढं केल्यावर फरशीला फारसं काम उरत नाही. दिवसातून एकदा पुरतं. पण वेळ जुळवा. सकाळचं फिरून झाल्यावर केर-फरशी व्हायला हवी. आमच्या मावशी पूर्वी साडेसहाला यायच्या आणि मी सातला बुंदीला घेऊन निघायचे. म्हणजे लखलखीत फरशीवर रोज पहिले पंजे तिचेच. मावशींना साडेआठला यायची विनंती केली, तेव्हापासून घरात शांतता आहे.

केर आधी, फडकं मागून. हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुत्र्याच्या घरात त्याला जास्त अर्थ आहे. केसांवर ओलं फडकं फिरलं की त्यांच्या वाती होतात आणि त्या कोपऱ्यात जाऊन चिकटतात. फुलझाडूने केस उडतात, लोळत लोळत सोफ्याखाली जातात. पाणी ओढायचं रबराचं वायपर कोरड्या फरशीवर ओढून बघा. केस गोळा होऊन एका रेघेत येतात. सोफ्यावरचे केस काढायलाही असंच रबर लागतं. भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवायचा. सतरंजी किंवा गालिच्यावर चिखल पडला तर मात्र लगेच पुसायला धावू नका, पुसला की तो आत मुरतो. वाळू द्या, मग ब्रशने झाडा. कोकणातली तांबडी माती असेल तर हा धीर आणखी हवा, तिचा डाग जन्माचा सोबती होतो.

कशाने पुसायचं? बहुतेक दिवशी नुसतं पाणी. फिनेल वापरायचंच असेल तर बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त ओतू नका, आणि फरशी खडखडीत वाळेपर्यंत कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. ते ओल्या फिनेलवरून चालतं, मग पंजे चाटतं, म्हणजे फिनेल पोटात जातं. आमच्या आईला फिनेलच्या वासाशिवाय स्वच्छ वाटत नाही. तडजोड म्हणून शनिवारी ती फिनेल टाकते आणि बुंदी अर्धा तास गॅलरीत बसते.

इंटरनेटवर जिकडेतिकडे व्हिनेगर सांगतात. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर पाण्यात थोडं मिसळून चालेल. पण संगमरवर, कोटा, शहाबादी किंवा मोझॅक असेल तर व्हिनेगर लावू नका, लिंबूही नको. हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि पांढुरके डाग पडतात ते पॉलिश केल्याशिवाय निघत नाहीत.

घरात शू झाली तर आधी कागदाने टिपून घ्या, पसरवू नका. साबणाच्या पाण्याने डाग जातो पण वास पूर्ण जात नाही. लघवीतलं काहीतरी मागे उरतंच आणि पावसाळी हवेत पुन्हा दरवळायला लागतं. तुम्हाला नाही आला तरी कुत्र्याला तो वास येतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते शिंपडून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवायचं. शूवर ब्लीच ओतू नका, त्यातून घसा धरणारा वायू निघतो. आणि ब्लीच व संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करू नका, मग कुत्रं असो वा नसो.

आणि पट्टा

कुत्रं पुसलं, पंजे टिपले, फरशी झाली. राहतो तो पट्टा. तो रस्त्यावर घासतो, चिखलात लोळतो, खांबाखांबाला हुंगताना त्याला काय काय लागतं, आणि घरी आल्यावर तो खुंटीला जातो. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, बादलीत कोमट पाणी आणि थोडी कपड्यांची पावडर घालून तो तासभर भिजत ठेवा. गळपट्टाही. ब्रशने घासा, स्वच्छ पाण्यातून तीनदा काढा, उन्हात वाळवा. ओला गळपट्टा घालू नका, मानेला पुरळ येतं. चामड्याचा असेल तर भिजवू नका, ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवा. पंजे पुसायची फडकी घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. आधी गॅलरीत झटका, मग वेगळ्या बादलीत गरम पाण्यात. केस मशीनच्या गाळणीत जाऊन बसतात आणि एक दिवस पाणी जायचं थांबतं.

मी पट्टा पहिल्यांदा धुतला तो बुंदी येऊन सात महिने झाल्यावर. बादलीतलं पाणी दहा मिनिटांत कोळशासारखं झालं. आई मागे उभी होती.

"हा रोज हातात धरून येतेस?"

"हो."

"आणि येऊन आधी कणीक मळतेस?"

त्या दिवसापासून दाराशी ठेवायच्या सामानात साबणाची वडी आली. ती माझ्यासाठी आहे.